सुट्टी, आमरस आणि शुगरचा रिपोर्ट

जूनमध्ये कंपनीचं हेल्थ चेकअप झालं आणि माझ्या रिपोर्टमध्ये एका आकड्यापुढे लाल बाण आला. एचबीएवनसी ५.९. डॉक्टर म्हणाले, "अजून डायबेटिस नाही, पण दारात येऊन उभा आहे. आत घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा." वय वर्षं २८. घरी येऊन आधी गूगल केलं, मग आईला फोन केला. (क्रम चुकला हे नंतर कळलं.)

त्यानंतर दोनच महिन्यांनी ऑगस्टच्या लाँग वीकएंडला आमच्या ग्रुपचं तोरणमाळ ठरलं. माझं आजोळ शहादा तालुक्यातलं, त्यामुळे यजमानपद आपसूक माझ्याकडे. निघायच्या आठवड्यात एका मित्राने, जो टेस्टिंगमध्ये आहे आणि त्यामुळे प्रत्येक गोष्टीची शीट करतो, 'सुट्टीत काय खायचं' अशी एक एक्सेल फाइल पाठवली. सकाळी दोन अंडी, दुपारी सॅलड, संध्याकाळी मूठभर बदाम, आणि रविवारी दुपारी एक 'चीट मील'. दुसऱ्याने लगेच उत्तर दिलं की सुट्टीत पण हेच करायचं असेल तर ऑफिसला का जात नाही तू? त्यावर ग्रुपमध्ये रात्री दोन वाजेपर्यंत युद्ध चाललं. एका बाजूला 'सुट्टी आहे, हाणा', दुसऱ्या बाजूला 'सुट्टी आहे, सांभाळा'.

मला मात्र वेगळाच किडा चावला. सुट्टीत मनसोक्त खाणं आणि तब्येत हे एकमेकांचे शत्रू कधीपासून झाले? कारण आजीच्या तोंडून जे ऐकलंय त्यात असं भांडण कुठे आठवत नाही. मग पुढचे दोन-तीन वीकएंड हाच उद्योग केला. त्याचं हे फलित. इतिहासाचा मी विद्यार्थी नाही, इंजिनियर आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

पहिली गंमत म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडे ज्यांना सुट्टीला जाणं परवडायचं ते तब्येतीसाठीच जायचे. 'हवापालट' हा किती सुंदर शब्द आहे बघा. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढला, तिथे वस्ती झाली, १९०७ मध्ये नेरळहून झुकझुक गाडी वर गेली. महाबळेश्वर त्याच्याही आधीचं. खंडाळा, देवळाली, पाचगणी इथे सॅनिटोरियम उभी राहिली. तिथे जाऊन माणसं काय करायची? फिरायची, दूध प्यायची, वेळेवर जेवायची आणि लवकर झोपायची. परत आल्यावर वजन वाढलं असेल तर घरचे म्हणायचे, "हवा मानवली हो!" आज मी सुट्टीहून दोन किलो वाढवून आलो तर आई असं म्हणेल का? अर्थात तेव्हा क्षयाची भीती होती, अंगावर मांस चढणं म्हणजे जगण्याची खूण होती. १९४६ मध्ये गांधीजींनी उरुळी कांचनला निसर्गोपचार सुरू केले तेव्हाही माती, पाणी, ऊन आणि साधा आहार हीच औषधं होती. आता त्याच प्रकाराला 'वेलनेस' म्हणतात आणि बिल वेगळं येतं.

पण हे सगळं साहेबांचं, शेटजींचं आणि पांढरपेशांचं झालं. गिरणी कामगाराला आठवड्याची रविवारची सुट्टी मिळाली तीच मुळी १० जून १८९० ला, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी कित्येक वर्षं डोकं आपटल्यावर. पगारी वार्षिक रजा कायद्यात नीट बसली ती १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये, वीस दिवस कामामागे एक दिवस. शेतात राबणाऱ्याला तर कुठलाच कायदा नव्हता. मग तापीकाठच्या सालदाराला सुट्टी कधी मिळायची?

आखाजीला.

अक्षय्य तृतीया म्हणजे पुण्या-मुंबईत सोनं घेण्याचा दिवस आणि पेपरात पानभर जाहिराती. आमच्या खान्देशात ती आखाजी आहे, आणि तिचा थाट दिवाळीपेक्षा कमी नाही. सालदाराचं साल आखाजीला संपतं. हिशेब होतो, घेतलेली उचल वळती होते, पुढच्या वर्षासाठी त्याच मालकाकडे राहायचं की दुसरीकडे जायचं हे ठरतं. वर्षभर बैलांच्या आधी उठणारा माणूस त्या दिवसापुरता कोणाचा नोकर नसतो. (नोटीस पिरियड नाही, एक्झिट इंटरव्ह्यू नाही. हेवा वाटावा असं काही बाकी त्या नोकरीत नव्हतं.) आणि सासरी नांदणाऱ्या पोरी आखाजीला माहेरी येतात. गौराई बसते, झाडांना झोके बांधले जातात, गाणी म्हटली जातात. बहिणाबाईंनी 'आखजी' नावाची कविताच लिहिली आहे. बाप्ये लोक पत्ते कुटतात, त्यात चार पैसे हरतात. थोडक्यात आमच्याकडची ही खरी वार्षिक रजा. फरक इतकाच की आपण सुट्टीला घरातून निघतो आणि ते लोक सुट्टीला घरी येत.

आता खाण्याकडे येतो. आखाजीचा बेत म्हणजे खापराची पुरणपोळी आणि आमरस. ज्यांनी खापराची पोळी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गव्हाचं अगदी बारीक चाळलेलं पीठ, ते मळून मळून असं तयार करायचं की रबरासारखं ताणलं गेलं पाहिजे. त्यात हरभऱ्याची डाळ आणि गुळाचं पुरण भरायचं. मग लाटणं बाजूला ठेवून ती पोळी दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत झेलत झेलत मोठी करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. माझी मोठी मामी हे करते तेव्हा मी अजूनही तोंड उघडं ठेवून बघत बसतो. सोबत रशी, म्हणजे डाळीच्या येळवणीची आमटी, भजी, कुरडई आणि वर तुपाची धार.

आता माझ्या डॉक्टरांना हे ताट दाखवलं तर ते दाराशी उभ्या असलेल्याला आत बोलावून पाटावर बसवतील. मैदासदृश पीठ, गूळ, आंब्याचा रस! मग हे खाऊन ती माणसं टिकली कशी? जीन्स वेगळे होते वगैरे उत्तर मला पटत नाही. जीन्स तेच आहेत, माझ्यातच आहेत.

मी आजीला विचारलं. आजी आता ऐंशीच्या पुढे आहे. पहिली गोष्ट तिने सांगितली ती ही, की आखाजीच्या आधी घरात आंबा कापायचा नाही. आखाजीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचं, सांजोरी आणि आंबा ठेवायचा, आणि मग घरच्यांनी रस खायचा. झाडाला पाड लागला असला तरी पोरांनी बघायचं फक्त. खान्देशातल्या बऱ्याच घरांत अजून हे पाळतात. सातपुड्यात आदिवासींची नवाई असते तिचा गाभा हाच, नवं पीक देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. ह्या नियमाने झाडावर फळ नीट पिकू दिलं जातं हे एक. पण दुसरं म्हणजे, ज्याची वर्षभर वाट बघितली त्याच्या दोन वाट्यांत माणूस भरून पावतो. मी मार्चमध्येच ॲपवरून मागवलेला आंबा खातो आणि एप्रिलमध्ये त्याचा कंटाळा आलेला असतो.

दुसरं आजीने सांगितलं नाही, मला तिच्या बोलण्यातून दिसलं. ती ते जेवण 'खाल्लं' असं फार कमी वेळा म्हणते. ती सांगत असते की गहू कसे ओलवले, जात्यावर कोण बसलं, चाळणाऱ्या वस्त्रगाळ पिठाने नाकं कशी पांढरी झाली, पाट्यावर पुरण किती वाटलं, झोक्यावर कोण पडलं. ताट हा त्या सगळ्याचा शेवटचा अर्धा तास होता. (आणि झोक्यावर माहेरवाशिणी असताना चुलीपुढे कोण होतं? त्या घरची सून. तिची आखाजी तिच्या माहेरी, जमलं तर. हेही आजीनेच सांगितलं, जरा खालच्या आवाजात.)

तिसरी गोष्ट मी कागदावर मांडली, कारण शेवटी तीच आपली विद्या. आजीच्या तरुणपणी पुरण शिजायचे दिवस मोजले: होळी, आखाजी, पोळा, पितृपक्षातलं एखादं ताट, घरातलं एखादं लग्नकार्य. वर्षाला फार तर सात-आठ. बाकी दिवस ज्वारीची नाहीतर कळण्याची भाकरी, ठेचा, भाजी, ताक. कळणं म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ. धान्यात जे प्रोटीन कमी पडतं ते उडीद भरून काढतो, हे तेव्हा कोणी लिहून ठेवलं नव्हतं, पण जात्याला माहीत होतं. मग माझे दिवस मोजले. गेल्या बारा महिन्यांत लाँग वीकएंड सहा, टीम आउटिंग दोन, लग्नं पाच, ऑफिसातले वाढदिवसाचे केक मोजताच आले नाहीत. शनिवार-रविवारची हॉटेलं वेगळीच. सत्तरच्या वर गेल्यावर मोजणं सोडून दिलं. म्हणजे आजीच्या सणाला मी रोजचा केला आणि रिपोर्टवरचा बाण सणावर ढकलला.

आजीला मी विचारलं होतं की तू तेव्हा पोळ्या किती खायचीस. तिने माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. "आखाजीले कोनी पोया मोजस का रे?"

तापी ओलांडून वर सातपुड्यात गेलं की सुट्टी होळीला असते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला आणि त्याचे अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे धडगाव, हे दोन तालुके डोंगरात आहेत. जुन्या काळी ह्या भागात मेवासी संस्थानं होती, त्यांतलं काठी हे एक. काठीची राजवाडी होळी १२४६ सालापासून चालू आहे असं तिथले लोक सांगतात. मी कॉलेजात असताना एकदा गेलो होतो. होळीच्या आधीच्या आठवड्यात जागोजागी भोंगऱ्या बाजार भरतात. गूळ, डाळ्या, फुटाणे, साखरेचे हार-कंगन, शेव, जिलबी, सगळं तिथे असतं आणि सगळे खातात. म्हणजे संयमाचं फार काही प्रदर्शन नाही. पण ज्यांनी नवस केलेला असतो ते होळीच्या आधी 'पाळणी' करतात: पायात चप्पल नाही, खाटेवर निजायचं नाही, आपलं अन्न आपण रांधून खायचं, ब्रह्मचर्य पाळायचं. आणि होळीच्या रात्री मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले बावा आणि बुद्या रात्रभर नाचतात. ढोल थांबत नाहीत. होळी पेटते ती पहाटे.

परत आल्यावर मी हिशेब केला होता, राहवत नाही. साठ किलोचा माणूस अशा नाचात तासाला ढोबळमानाने ३०० कॅलरी तरी जाळत असेल. आठ तासांचे झाले २४००. तूप लावलेली पुरणपोळी ३०० ची धरली तर आठ पोळ्या. अर्थात तिथे हा हिशेब कोणाच्याच गावी नव्हता. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने फडक्यात बांधलेली भाकरी आणि चटणी काढून मला अर्धी दिली होती, ती कुठल्या कॉलममध्ये टाकायची तेही मला कळलं नव्हतं.

आणि दारू? सुट्टी, मजा आणि तब्येत म्हटलं की हा विषय टाळून चालत नाही. मोहाची फुलं हे डोंगरातलं अन्न आहे. वाळवून ठेवायची, टंचाईत उकडून खायची. त्यांची दारूही होते, ती देवाला चढते आणि सणाला प्यायली जाते. १८७८ मध्ये मुंबई सरकारने अबकारी कायदा केला. ब्रिटिश मुलखात घरची भट्टी गुन्हा ठरली आणि ठेकेदाराच्या दुकानातली दारू कायदेशीर झाली. डेव्हिड हार्डिमन ह्या इतिहासकाराने 'द कमिंग ऑफ द देवी' (१९८७) ह्या पुस्तकात दक्षिण गुजरातच्या बाबतीत हे फार छान उलगडलंय. दुकान उघडलं की ते रोज उघडं असतं. दुकानाबरोबर उधारी येते आणि उधारीबरोबर जमीन जाते. माझ्या सत्तर दिवसांच्या हिशेबाशी ह्याचं नातं आहे असं मला वाटलं, म्हणून इतकं लांबण लावलं.

त्याला उत्तरही इथल्याच लोकांनी दिलं. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातेत 'देवी' अंगात येऊन सांगू लागली: दारू सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा. पुढे १९३० च्या दशकात आमच्या तळोदा तालुक्यातल्या मोरवडला, ज्याला आता रंजनपूर म्हणतात, गुलाम महाराज नावाच्या भिल्ल संताने 'आप' धर्म सांगितला. एकमेकांना 'आप' म्हणा, दारू-मांस सोडा, स्वच्छ राहा. दर सोमवारी आरती असायची आणि तिला डोंगरातून, पठारावरून प्रचंड गर्दी लोटायची. विचार करा, हजारो माणसं आठवड्यातला एक दिवस काम टाकून जमतायत, गातायत, आणि दारूचा थेंब नाही. सावकार आणि सरकार दोघंही अस्वस्थ झाले नसते तरच नवल. १९३८ मध्ये गुलाम महाराज वारले, पण त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी चळवळ पुढे नेली. आणखी पस्तीस वर्षांनी, १९७२-७३ च्या सुमारास, शहाद्यात श्रमिक संघटनेच्या लढ्यात आदिवासी बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. ह्या बायकांना आहारतज्ज्ञ लागला नव्हता. दारू घरातल्या पोरांच्या ताटातली भाकरी खाते हे त्यांनी रोज पाहिलं होतं.

इथवर लिहून मी थांबलो होतो, कारण लेख फारच गोड व्हायला लागला होता. जुन्या लोकांचं सगळं कसं छान. तर तसं नाही. सणाचं ताट भरलेलं दिसायचं ते बाकीचं वर्ष रिकामं असायचं म्हणूनही. १८९९-१९०० च्या छप्पन्नच्या दुष्काळाने खान्देश होरपळला होता. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी अमेरिकेहून आलेला मिलो खाल्ला, आजी अजून त्याचं नाव काढलं की तोंड वाकडं करते. सालदार आखाजीला पाच पोळ्या खायचा ह्यात आरोग्याचा महामंत्र कसला शोधायचा? त्याला भूक लागलेली असायची.

आणि ती भूक संपलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नंदुरबार जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं कमी वजनाची निघाली. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, ह्याचा मी हॉस्टेलवर फार टेंभा मिरवायचो. हल्ली नाही मिरवत. मोर, बर्टी, राळा ही डोंगरातली बारकी धान्यं मागे पडत गेली, रेशनचा गहू-तांदूळ आला. मग २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, आणि तशीच धान्यं पुण्याच्या मॉलमध्ये चकचकीत पाकिटात येऊन बसली. मीही रिपोर्टनंतर एक पाकीट आणलं होतं.

दिवाळीनंतर धडगाव-अक्कलकुव्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात जातात. लेकरंबाळं घेऊन, कारखान्याच्या पाडावर, पालात राहतात. होळीला परत येतात. काठीला रात्रभर नाचणाऱ्यांत अशी किती माणसं असतात. तीच त्यांची सुट्टी. म्हणजे बघा, ऊस त्यांनी तोडायचा, साखर माझ्या रक्तात चढायची, आणि वजन कमी म्हणून नाव त्यांच्या पोरांचं लागायचं. हे लक्षात आल्यावर ती एक्सेल शीट उघडायची मला लाजच वाटली.

असो. तोरणमाळला गेलो. शहाद्याहून पन्नासेक किलोमीटर, सात पायरी घाटात ढग गाडीच्या काचेला चिकटलेले. यशवंत तलावाला पायी वळसा घातला, सीताखाईपर्यंत चालत गेलो, पावसात नखशिखांत भिजलो. शीट कोणी उघडली नाही (रेंजच नव्हती :)). एका घरी सांगून ठेवलं होतं, तिथे दुपारी तीन वाजता ज्वारीच्या भाकरी, उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा मिळाला. टेस्टिंगवाल्याने चार भाकरी खाल्ल्या. त्याला मी मोजताना पाहिलं नाही.

परतताना आजोळी थांबलो. पुढच्या आखाजीची रजा मी आत्ताच टाकली आहे, आजीला तसं सांगितलं. ती काही बोलायच्या आत आतून मामीचा आवाज आला: मिक्सर बिघडलाय, यंदा पुरण पाट्यावर वाटायचं आहे, तेव्हा आदल्या दिवशी सकाळीच ये.